तुम्ही विचारलंत म्हणून: नोकिया ५२३३ आता घ्यावा का?

'जुन्या मोबाइलच्या दुकानात नोकिया ५२३३ मिळतोय, घरातल्या वयस्कर माणसांसाठी घेऊ का?' आमच्याकडे हा फोन अजून चालू आहे हे ज्यांना माहीत आहे, ते हमखास हा प्रश्न विचारतात. माझं म्हणणं असं: घरात पडून असेल तर काढा आणि वापरा. विकत घेणार असाल तर आधी सगळं ऐकून घ्या.

हा फोन २०१० चा. सात हजारांच्या आसपास ३.२ इंची टचस्क्रीन मिळते म्हणून तेव्हा तो भरपूर खपला. स्वस्ताईसाठी त्यातलं बरंच काही काढलेलं होतं. थ्रीजी नाही, वाय-फाय नाही, जीपीएस नाही. त्याच्याच जोडीच्या ५२३० मध्ये थ्रीजी आणि जीपीएस होतं. कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, तोही फ्लॅशविना.

पण त्याची स्क्रीन मला आजही आवडते. ती दाबावर चालते. आत दोन पातळ थर असतात, वरचा दबून खालच्याला टेकला की फोनला जागा कळते. आताच्या स्क्रीनला बोटाच्या कातडीतून विजेची जाणीव व्हावी लागते. आमच्या दादांचा सगळा जन्म शेतात गेला, बोटांना घट्टे आहेत, उन्हाळ्यात टोकं भेगाळतात. नव्या फोनवर ते हिरवं बटण सरकवत राहतात आणि तोवर रिंग बंद होते. ५२३३ वर मात्र अंगठ्याचं नख टेकवलं की झालं. हात ओला असो, पिठाचा असो, चालतं. शिवाय खाली फोन उचलायचं आणि ठेवायचं अशी दाबायची खरीखुरी बटणं आहेत, त्यामुळे चष्मा नसला तरी अडत नाही. हेडफोन लावला की एफएम रेडिओ लागतो, त्याला नेटची गरज नाही. दादांची संध्याकाळ त्यावरच जाते.

याच स्क्रीनची दुसरी बाजूही सांगायला हवी. हलका स्पर्श तिला कळतच नाही, आणि दोन बोटांनी फोटो मोठा करणं विसरा. त्यातली सिम्बियन, म्हणजे फोन चालवणारी नोकियाची जुनी प्रणाली, मुळात बटणांच्या फोनसाठी घडलेली. त्यामुळे यादीतलं नाव एकदा दाबलं की नुसतं निवडलं जातं, पुन्हा दाबलं की उघडतं, आणि दुसऱ्या ठिकाणी एकदाच दाबून काम होतं. शिकवताना फार चिकाटी लागते.

टूजीवर नेट चालायचं ते ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या जोरावर. पान आधी त्यांच्या सर्व्हरवर आकसायचं आणि मग फोनवर यायचं. मराठी अक्षरं फुटकी दिसली तर पत्त्याच्या जागी opera:config एवढंच टाकायचं आणि बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू करायचा. मग मजकूर चित्ररूपात यायचा. पान उघडायला वेळ लागायचा, पण जोडाक्षरं जशीच्या तशी दिसायची. त्या काळात मराठी ब्लॉग मोबाइलवर वाचणाऱ्या कितीतरी जणांना ही युक्ती एकमेकांकडून कळली होती, आणि मला तिचं फार अप्रूप होतं.

आता त्यातलं बरंच संपलंय. २०१४ पासून नोकियाच्या स्टोअरमध्ये सिम्बियनसाठी नवीन ॲप येणं थांबलं, २०१७ च्या मध्यावर व्हॉट्सॲपही बंद झालं. आजच्या बहुतेक वेबसाइट त्यावर उघडत नाहीत. जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओला टूजीच नाही. ज्या कंपनीचं टूजी तुमच्या गावात चालू आहे तिचंच सिम घ्या. सिम नॅनो असेल तर अडॅप्टर लागेल.

म्हणून सांगते, नातवाशी व्हिडिओ कॉल, यूपीआय, बँकेचं ॲप यातलं एक जरी हवं असेल तरी घेऊ नका. फक्त बोलणं आणि रेडिओ एवढंच हवं असेल, तर जरूर घ्या. चार्जर जुन्या बारीक पिनचा आहे का ते बघा. फोनला मायक्रो-यूएसबीही दिसेल, पण त्यातून हा फोन चार्ज होत नाही. बॅटरी बीएल-५जे. ती काढून दुकानाच्या काचेवर आडवी ठेवा आणि बोटाने फिरवा. गरगर फिरली तर फुगलेली आहे, दुसरी मागा.