सिबिल बिघडलंय, हप्ते चालू आहेत आणि गाडी दगा देतेय

गाडी दर महिन्याला कुठेतरी रस्त्यात उभी राहते, घरात दोन-तीन कर्जांचे हप्ते चालू आहेत आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, साडेपाचशे-सहाशेच्या घरात आहे. अशा माणसाला शोरूममध्ये पहिली गोष्ट ऐकायला मिळते ती ही: जुनी एक्स्चेंजला द्या, उरलेल्याचं लोन आम्ही करून देतो. तिथे सही करायच्या आधी एक सकाळ गॅरेजच्या लिफ्टखाली आणि एक संध्याकाळ स्वतःच्या कर्जाचे कागद घेऊन बसा. या अवस्थेत नवं कर्ज हा शेवटचा मार्ग आहे. आधी आहे ती गाडी भरवशाची होते का ते बघायचं. नाही झाली तर रोखीत मावेल अशी साधी गाडी शोधायची. तेही जमत नसेल तरच कर्जाकडे वळायचं.

आधी गाडीचं पोट बघा

कोकण किनारपट्टीवर गाड्या इंजिनामुळे कमी आणि पत्र्यामुळे जास्त बाद होतात. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत खाऱ्या वाऱ्यातलं मीठ गाडीच्या पोटाला चिकटतं आणि चार महिने पाऊस ते ओलं ठेवतो. त्यात पुळणीवर गाडी घातली असेल तर दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला असलेली भोकं वाळूने बुजतात आणि पत्रा आतून सडतो. म्हणून बदलू की दुरुस्त करू, याचं उत्तर इंजिनाच्या आवाजात शोधू नका.

गाडी लिफ्टवर घ्या आणि जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत चला. जॅक लावायच्या जागा, दरवाज्यांखालची पट्टी, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, पुढचा क्रॉस मेंबर (इंजिनाखालचा आडवा लोखंडी दांडा), मागच्या अ‍ॅक्सलवर स्प्रिंग बसते ती वाटी, आणि बॉनेट उघडून शॉकअबचा वरचा टॉवर. चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द वाजतो, फार सडला असेल तर स्क्रूड्रायव्हर आत जातो. मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइप बोटाने चाचपा. त्यांच्यावर पापुद्रे सुटत असतील तर ते आधी बदला, बाकी सगळं नंतर.

पायाखालचा पत्रा किंवा सायलेन्सर सडला असेल तर वेल्डिंगने किंवा नवा टाकून काम भागतं. पण सडलेला भाग क्रॉस मेंबर, शॉकअबचा टॉवर किंवा अ‍ॅक्सलची वाटी असेल तर त्या गाडीवर पुढे एक रुपया घालू नका. तिथे मारलेलं ठिगळ घाटातल्या खड्ड्यात सुटतं, आणि तेव्हा स्टेअरिंग हातात राहत नाही.

पोट शाबूत असेल तर मात्र गाडी विकायची घाई करू नका, कारण रस्त्यात उभी राहण्याची बहुतेक कारणं स्वस्त असतात. दमट हवेत सगळ्यात आधी बिघडते ती अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणाऱ्या पट्ट्या आतून हिरव्या होतात. मग कधी सेल्फ फिरत नाही, कधी मीटरवर भलतेच दिवे लागतात, आणि गॅरेजवाला सेन्सर बदलायला सांगतो. त्याआधी मल्टिमीटर लावा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसावं. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ व्होल्टच्या पुढे गेला तर पट्टी गेली आहे. गरम पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल धुवा, तारेच्या ब्रशने घासा, पट्टी नवी टाका आणि वर पेट्रोलियम जेली लावा. हे काम काहीशे रुपयांत होतं. वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का तेही तेव्हाच बघून घ्या. पावसाळ्यात भाताच्या कोठीजवळ उभ्या गाडीत ते हमखास शिरतात.

दुसरं कारण कूलिंग. सपाटीला ठीक चालणारी गाडी आंबा, करूळ किंवा कुंभार्ली घाट चढताना तापते, कारण रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतलेलं असतं आणि आत गंजाचा गाळ बसलेला असतो. रेडिएटर साफ करून अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी भरा. त्याच खेपेला रेडिएटरची कॅप, थर्मोस्टॅट आणि कडक झालेले होज बदला. हे टाळलं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, जातं. खर्च तेव्हा काही हजारांच्या घरात जातो आणि गाडी आठवडाभर अडकून पडते.

समोर आलेलं एकच बिल गाडीच्या आजच्या विक्रीच्या किमतीच्या निम्म्यापुढे जात असेल, तर बदलायची वेळ आली असं धरा.

कर्जाचे कागद

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. चारही काढा, कारण चुका एकसारख्या नसतात. स्कोअरच्या आकड्यापेक्षा खाली दर महिन्यापुढे लिहिलेले थकीत दिवस बघा: ००० म्हणजे वेळेवर, ०३० म्हणजे हप्ता तीस दिवस थकलेला. ९० दिवसांच्या पुढे गेलेलं खातं बुडीत धरलं जातं आणि तिथून वर यायला बराच काळ लागतो. एखादं कर्ज पूर्ण फेडूनही उघडं दिसत असेल तर बँकेचा नो ड्यूज दाखला जोडून ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

‘सेटल्ड’ आणि ‘क्लोज्ड’ यांत मोठा फरक आहे. वसुलीवाला निम्म्यात मिटवतो म्हणाला तर तात्पुरतं बरं वाटतं, पण रिपोर्टवर ‘सेटल्ड’ लागलं की पुढचा बँकवाला ते बघूनच फाइल बाजूला ठेवतो. आधीच तसं झालं असेल तर उरलेली रक्कम भरून खातं ‘क्लोज्ड’ करायला मिळतं का ते विचारा, आणि दाखला लेखी घ्या.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट नेहमी सुटते: जामीनकी. चुलतभावाच्या बँक कर्जाला तुम्ही जामीन असाल आणि त्याने हप्ते थकवले, तर ते तुमच्या रिपोर्टवर येतं. पतसंस्थेचं कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला थेट जामीनदाराच्या पगारावर आणि मालमत्तेवर चालतो. आपण कुठे-कुठे सह्या केल्यात ते आधी आठवून लिहून काढा.

कुठलं कर्ज आधी फेडायचं? जे थकलंय ते आधी नियमित करा, मग ज्याचं व्याज जास्त ते. बहुधा ते क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल अ‍ॅपवरचं कर्ज असतं. कार्ड चालू ठेवायचं असेल तर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापरा. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे वेळेवर भरलेला हप्ताही पूर्वीपेक्षा लवकर नोंदला जातो.

कोकणातलं उत्पन्न हंगामी आणि हप्ता मात्र मासिक, हा खरा पेच आहे. आंब्याचे पैसे मे महिन्यापर्यंत येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. होमस्टेला पावसात गिऱ्हाईक कमी. हप्ते बाऊन्स होतात ते जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये, आणि एका बाऊन्सला बँकेचा वेगळा, कर्ज देणाऱ्याचा वेगळा असा दोनदा दंड बसतो. मे संपायच्या आत या तीन महिन्यांचे सगळे हप्ते ज्या खात्यातून कापले जातात त्याच खात्यात आणून ठेवा आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घरातच ठेवा. गाडीसाठी बाजूला काढायचे पैसे त्यानंतर.

कर्ज घ्यावंच लागलं तर

डीलर तुमचा अर्ज एकाच दिवशी चार-पाच फायनान्सवाल्यांकडे पाठवतो. प्रत्येक चौकशी रिपोर्टवर उमटते आणि स्कोअर आणखी खाली येतो. एकाच ठिकाणी अर्ज करा आणि तसं त्याला स्पष्ट सांगा.

जुन्या गाडीच्या कर्जाचा दर बहुतेक वेळा फ्लॅट सांगितला जातो, म्हणजे व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवरच धरतात. २ लाख रुपये, ३६ महिने, १२ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ७२ हजार आणि हप्ता सुमारे ७,५५६ रुपये. घटत्या शिल्लक रकमेवर मोजलं तर हा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. खरोखर १२ टक्के घटता दर असता तर हप्ता ६,६४३ च्या आसपास बसला असता आणि एकूण व्याज ३९ हजारांच्या घरात. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक आणि फायनान्स कंपनीला अशा कर्जासोबत मुख्य तपशिलाचं पत्रक द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो एकच आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडून बघा.

जुन्या गाडीवर कर्ज बाकी असताना एक्स्चेंज करू नका. समजा गाडीला ९० हजार येतात आणि बाकी १ लाख ३० हजार आहे. मधले ४० हजार नव्या कर्जात मिसळले जातात आणि गेलेल्या गाडीचं व्याज तुम्ही पुढची तीन वर्षं भरत राहता.

त्यापेक्षा बँकेतलं सोनेतारण बरं. त्याचा दर सिबिलवर फारसा अवलंबून नसतो आणि गाडीच्या नोंदणी दाखल्यावर, म्हणजे आरसीवर, कर्जाचा बोजा चढत नाही. मात्र मुदतीची तारीख भिंतीवर लिहून ठेवा, कारण ती चुकली तर दागिना लिलावात जातो. पतसंस्थेतून घेत असाल तर हप्ता भरल्याची नोंद सिबिलला जाते का हे विचारा. जात नसेल तर वेळेवर फेडूनही स्कोअर तिथेच राहतो.

गाडी शोधताना

हाताशी दीड लाख असतील तर गाडी १ लाख १५ हजारांपर्यंतच बघा. उरलेले ३५ हजार ट्रान्सफर, विमा, बॅटरी, टायर आणि पहिल्या सर्व्हिसला लागणारच. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी सहा वर्षांपुढचा टायर पावसात पकडत नाही.

लहान पेट्रोल गाडी घ्या, जिचा पार्ट कुडाळ, लांजा किंवा खेडमध्ये त्याच दिवशी मिळतो. अल्टो के१० ला टायमिंग चेन आहे, अल्टो ८०० ला बेल्ट. बेल्ट कधी बदलला ते बिलावर बघा. कमी किमतीत मिळणाऱ्या जुन्या डिझेलच्या मोहात पडू नका. टर्बो किंवा इंजेक्टर गेला की वाचवलेले पैसे एका झटक्यात जातात.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवली आहे. थंड इंजिनाचा पहिला धूर तुम्हाला बघायचा आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर म्हणजे पाणी मिसळत असण्याची शक्यता. खाली नुकतंच काळं कोटिंग मारलेलं असेल तर ते गंज झाकण्यासाठी आहे असं समजून दुप्पट ठोका. मग पाच-सहा किलोमीटर चढावर न्या, तापमानाचा काटा बघा, आणि तिसऱ्या गिअरला जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढून वेग वाढत नसेल तर क्लच संपलाय.

पुरात बुडालेल्या गाड्या आजही फिरतायत. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात असंख्य गाड्या पाण्यात गेल्या आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गुंडाळीच्या आत मातीची रेघ असते. सीटचे रूळ, स्टेपनीची खोबण, डॅशबोर्डखालचे कनेक्टर बघा. त्या काळातली विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, अचानक शून्यावर आला असेल तर कारण विचारा.

गाडी १५ वर्षांच्या जवळ असेल तर फेरनोंदणीचे ५ हजार, फिटनेससाठी लागणारी दुरुस्ती आणि राज्याचा पर्यावरण कर किमतीत धरा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का तेही बघा.

पैसे देण्याआधी परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर नंबर टाकून बोजा, चलन, विमा आणि पीयूसी तपासा. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र (एनओसी) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर समोरासमोर सह्या घ्या. स्टँप पेपरवरचा व्यवहार पुरत नाही. आरसीवर ज्याचं नाव तोच अपघातात जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमची जुनी गाडी विकतानाही हेच लागू आहे: विकल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवा. भंगारात देत असाल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या आणि आरसी रद्द झाल्याचा कागद घ्या.

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी देताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. घेतलेल्या गाडीची पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करा, नाहीतर थर्ड पार्टी चालू राहील पण स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडेल. गाडी घरी आली की पाऊस सुरू होण्याआधी पोट गोड्या पाण्याने धुऊन, दोन दिवस वाळवून मगच कोटिंग मारा. ओल्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग मीठ आतच कोंडतं. त्याच कारणाने ताडपत्री घट्ट आवळू नका, खालून वारा खेळता ठेवा.