श्रावणातल्या रांगेत चढावर गाडी धरताना: माझा अनुभव

दौलताबादहून खुलताबादकडे निघालं की अरुंद दिल्ली दरवाजा लागतो आणि मग घाटाचा चढ. श्रावणात घृष्णेश्वर आणि भद्रा मारुतीची गर्दी एकत्र आली की इथे दर दहा फुटांवर थांबा. हा चढ मी हिल होल्ड (ब्रेकवरचा पाय काढल्यावरही गाडी चढावर क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसलेल्या पेट्रोल गाडीनेही चढलोय आणि असलेल्या गाडीनेही.

आधी हिशोब. १० टक्के चढावर, म्हणजे १० फुटाला १ फूट, ब्रेकवरचा पाय रेसवर न्यायला १ सेकंद लागला तर गाडी दीडेक फूट मागे येते. २ सेकंद लागले तर साडेपाच फूट! वेळ दुप्पट, अंतर जवळपास चौपट. आपल्याकडे मागचा एवढी जागा सोडतो का? म्हणून हँडब्रेक.

थांबलो की हँडब्रेक ओढून गिअर न्यूट्रल. निघताना पहिला गिअर, रेस १५०० आरपीएमच्या आसपास (माणसं भरलेली असतील तर थोडी जास्त, डिझेलला कमी पुरते), मग क्लच सावकाश वर. इंजिनचा आवाज जड होतो, आरपीएम शे-दीडशेने उतरतो, गाडी मागच्या बाजूला किंचित बसते. क्लच तिथेच धरायचा, हँडब्रेक सोडायचा, गाडी हलली की मग उरलेला क्लच. नवख्यांचा हात नेमका इथे अडतो: बटण दाबलंच जात नाही. दांडी आधी जराशी वर ओढली की आतला खटका मोकळा होतो आणि बटण सहज दाबतं. सरावासाठी मी म्हैसमाळचा रस्ता निवडला, आडवारी सकाळी, रहदारी नसताना. मागच्या चाकामागे फूटभरावर पाण्याची रिकामी बाटली आडवी ठेवली की काम भागतं. बाटली चेपली नाही म्हणजे जमलं.

हाफ क्लचवर गाडी झुलवत ठेवणं ही खरी खोड. गाडी जागची हलत नाही, पण क्लच प्लेट घासत राहते. जळका वास येईपर्यंत नुकसान झालेलं असतं. एएमटीवाल्यांनी (क्लच-गिअर आपोआप चालणाऱ्या गाडीवाल्यांनी) तर नुसत्या रेसवर गाडी अजिबात धरू नये. आत क्लच तोच आहे, फक्त तो आपल्या पायाखाली नाही.

हिल होल्ड हे वेगळं यंत्र नाही. चढ सेन्सर ओळखतो आणि ईएसपीच्या, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेच्या, हायड्रॉलिक युनिटमधले व्हॉल्व्ह ब्रेकचा दाब साधारण २ सेकंद अडवून ठेवतात. तेवढ्यात क्लच पकडला नाही तर गाडी मागे येणारच. किरकोळ चढावर ते चालूच होत नाही, आणि गाडी पूर्ण थांबवून ब्रेक नीट दाबलेला नसेल तरीही दगा देतं. रिव्हर्समध्ये चढताना मात्र कामाला येतं. व्हेरिएंट निवडताना मी पैसे मोजतो ते ईएसपीसाठी, पावसाळी वळणावर गाडी घसरू नये म्हणून. ऑटो होल्डची गोष्ट निराळी. रेस देईपर्यंत ते गाडी धरून ठेवतं, रांगेत खरा आराम त्याचाच.

इंजिन बंद पडलं तर? ब्रेक एकदाच दाबून धरा, पंप करू नका. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. हँडब्रेक ओढून मगच चावी.

गाडी चढावर लावून उतरायचं असेल तर आधी हँडब्रेक, मग ब्रेकवरचा पाय सैल करून वजन हँडब्रेकवर येऊ द्यायचं, शेवटी इंजिन बंद करून पहिला गिअर. तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स. स्टिअरिंग असं वळवायचं की गाडी सुटलीच तर डोंगराकडे जावी, दरीकडे नाही. चाकाला दगड लावलात तर निघताना तो उचलून कडेला टाका. रात्री मागून येणारा दुचाकीवाला त्याच्यावरच आपटतो.