जिन्याखालची हजेरी

सोमवार, ३१. रात्री

आज महिनाअखेर. जेवणं उरकून हजेरीपट मांडीवर घेतला तेव्हा वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. आडवी बेरीज, उभी बेरीज, दोन्ही जुळल्या की खाली सही. गणित शिकवते, त्यामुळे या कामाचा कधी कंटाळा आला नाही. पण आज एका ओळीवर थांबले आणि दीड तास झाला तरी पुढे सरकलेले नाही.

खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावरचा मुलगा. मुलांची नावं मी या वहीत लिहीत नाही, म्हणून नुसतं 'खिडकीकडचा'. नंबर १७. महिन्यात शाळा भरली २१ दिवस, हा आला २१ दिवस. पण त्यातल्या १४ दिवसांवर मी लाल शाईनं 'उ' काढलाय. आमच्या शाळेत तीन उशिरांची एक गैरहजेरी धरतात. म्हणजे एकही दिवस न चुकवलेल्या मुलाच्या नावावर चार गैरहजेऱ्या, शिवाय दोन उशीर शिल्लक. बेरीज बरोबर येते. तरी ती खोटी आहे असं मनात येत राहिलं.

मग तारखा बघायला लागले. ३ आणि ४ तारखेला वेळेवर. ६ तारखेपासून रोज उशीर. फक्त महिन्यातले चारही बुधवार कोरे. आणि २१ तारखेचा शुक्रवार कोरा. बुधवारी पहिला तास मैदानावर असतो, तिथं सर रांगा मोजतात, नंबर पुकारत नाहीत. २१ला मी प्रशिक्षणाला गेले होते, आदल्या दिवशी वर्गात तसं सांगितलं होतं. बदली आलेल्या बाईंनी नुसती डोकी मोजली असणार.

म्हणजे त्याला शाळेचा कंटाळा नाही, सकाळी उठायचाही नाही. जेव्हा नंबर पुकारले जातात तेवढाच वेळ तो टाळतोय.

आणि मग ४ तारीख आठवली.

त्या दिवशी मी हजेरी घेत होते. मान खाली, पेन ओळीवर. १६, हजर बाई. १७, हजर बाई. १८, हजर बाई. १७ आणि १८चा आवाज एकच वाटला म्हणून वर पाहिलं. शेजारचा मुलगा दोघांची हजेरी देत होता. खिडकीकडचा तिथंच बसलेला, पाठ ताठ, डोळे बाकावर. मी म्हटलं, "तुझं तू सांग." तो उभा राहिला. ओठ हलले, जबडा आवळला, मान थोडी मागे गेली. आवाज काही आला नाही. मला तो उर्मटपणा वाटला. मी म्हटलं, "तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?" वर्ग हसला. मग शेजारच्याची शेरावही मागवून त्यात लिहिलं: 'दुसऱ्याची खोटी हजेरी देतो. पालकांची सही आणावी.'

हे सगळं एका मिनिटात झालं असेल. पुढच्या मिनिटाला मी फळ्यावर समीकरणं मांडत होते.

चार महिने झाले हा वर्ग माझ्याकडे आहे. आज आठवून आठवून पाहिलं. त्या मुलाचा आवाज मी कधी ऐकला? एकदाही नाही. वही नीटनेटकी, गृहपाठ पूर्ण, चाचणीत गुण चांगले. अशा मुलाकडे बघायची वेळच येत नाही. ४६ जणांच्या वर्गात जे त्रास देत नाहीत ते दिसेनासे होतात, आणि त्यांनाच आपण 'शहाणी मुलं' म्हणतो.

मंगळवार, १. संध्याकाळी

आज हजेरी घेतलीच नाही. बाकं पाहून टिंबं दिली. तरी तो आठ मिनिटं उशिरा आला, कारण आज हजेरी पुकारली जाणार नाही हे त्याला कसं कळणार? मी 'उ' लिहिला नाही. ये, बस, एवढंच म्हटलं.

शाळेतून आल्यावर वाचा-उपचारतज्ज्ञ मैत्रिणीला फोन केला. मुलाचं नाव सांगितलं नाही, नुसतं वर्णन केलं. ओठ हलतात, जबडा आवळतो, आवाज येत नाही. ती लगेच म्हणाली, तोतरेपणाचा हा एक प्रकार. शब्द परतपरत म्हणणं, अक्षर लांबवणं हे सगळ्यांना ओळखता येतं. पण शब्द घशातच बंद होतो तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, हा मुद्दाम गप्प आहे.

ती बराच वेळ बोलत होती आणि मी लिहून घेत होते. साधारण शंभरातल्या पाच मुलांना लहानपणी कधी ना कधी असा त्रास होतो, बहुतेकांचा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो आणि बऱ्याच जणांचा आपोआप जातो. मोठेपणीही शंभरात एकाच्या आसपास राहतो, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त. घाबरटपणामुळे होत नाही, आईवडिलांच्या चुकीमुळे होत नाही, दुसऱ्याची नक्कल करून तर नाहीच. मेंदूतल्या बोलण्याच्या जुळणीशी त्याचा संबंध आहे आणि घराण्यातून येण्याचा भाग मोठा आहे. सगळ्यांबरोबर एकसुरात म्हणताना बहुतेकांना अडत नाही, गातानाही नाही. म्हणून प्रार्थनेत तो इतरांसारखाच दिसला असेल.

आणि सगळ्यात अवघड काय असतं? स्वतःचं नाव सांगणं, हजेरी देणं, फोनवर 'हॅलो' म्हणणं. एरवी एखादा शब्द अडेल असं वाटलं की माणूस वाट बदलून दुसरा शब्द घेतो. इथं दुसरा शब्द नसतो. ठरलेला शब्द, ठरलेल्या क्षणी, सगळ्यांच्या समोर. १५ ऐकलं, १६ ऐकलं, आता आपण. ती वाट बघणंच घसा आवळतं.

मी विचारलं, मी काय करू? ती म्हणाली, "त्याला 'शांत हो', 'श्वास घे', 'सावकाश बोल' असलं काही सांगू नकोस. त्याचा शब्द तू पूर्ण करू नकोस. त्याच्याकडे बघ आणि थांब. बाकी त्यालाच विचार."

बुधवार, २. रात्री

मधल्या सुट्टीत त्याला ग्रंथालयात बोलावलं. तिथं त्या वेळी कोणी नसतं. मी टेबलापलीकडे न बसता बाजूच्या खुर्चीवर बसले. म्हटलं, "४ तारखेला मी तुला जे बोलले ते चूक होतं. मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घेणं माझं काम होतं. मला माफ कर."

तो बराच वेळ बोलला नाही. मी थांबले. मला थांबता येत नाही हे मला तिथं कळलं. दोन वेळा तोंडापर्यंत आलेलं वाक्य गिळलं.

त्यानं पहिली गोष्ट सांगितली ती स्वतःबद्दल नव्हती. शब्द मध्ये मध्ये अडत होते, ते अडणं मी इथं लिहून दाखवणार नाही. तो म्हणाला, "बाई, त्यानं खोटी हजेरी नव्हती दिली. मी होतो ना वर्गात."

यावर मी काय बोलणार होते? खरंच, तो होता. शेजारच्यानं सांगितलेली गोष्ट अक्षरशः खरी होती आणि मी तिच्यावर 'खोटी' असा शेरा मारून सही केली होती. पाचवीपासून तो शेजारी याची हजेरी देत आलाय. कुणी सांगितलं नाही, दोघांत तसं कधी बोलणंही झालं नाही. आधीच्या शिक्षकांना हे माहीत होतं, का त्यांनीही मान वर केली नव्हती, कोण जाणे.

मग मी विचारलं, ती आठ-दहा मिनिटं तू कुठं असतोस?

जिन्याखाली. पाण्याच्या नळांपाशी. वर्गाचं दार उघडं असतं, माझा आवाज तिथं ऐकू येतो. ४६ झाले की तो वर येतो.

"आणि १७ म्हटलं की तिथं मी म्हणतो, हजर बाई," तो म्हणाला. "तिथं अडकत नाही."

एकटं असताना अडत नाही हेही मैत्रिणीनं काल सांगितलं होतं. ते मी वहीत उतरवून घेतलं होतं. पण जिन्याखाली उभं राहून एक मुलगा रोज हजेरी देतोय आणि वर मी त्याच वेळी त्याच्या नावापुढे लाल शाई लावतेय, हे कुठल्याही टिपणात मावणारं नव्हतं.

मी म्हटलं, मला वर्गासमोर तुझी माफी मागायची आहे. अपमान चारचौघांत आणि माफी एकांतात, हे मला पटत नाही. तो घाईनं म्हणाला, नको. वर्गात काही सांगू नका. त्याला पुन्हा सगळ्यांच्या नजरा नको होत्या. मला ते जड गेलं, अजून जातंय. पण माफी मागून माझं मन हलकं व्हावं म्हणून त्याला पुन्हा उभं करणं, हे ४ तारखेसारखंच झालं असतं. म्हटलं, बरं, नाही सांगत.

मग हजेरीचं काय करायचं? नुसती डोकी मोजू का? तो म्हणाला, नको, मला म्हणायचंय. फक्त वेळ लागतो. आणि ज्या दिवशी नाही जमणार त्या दिवशी हात वर केला तर चालेल का?

मी म्हटलं, सगळ्यांनाच चालेल असं करू.

गुरुवार, ३. रात्री

पहिल्या तासाला वर्गाला एवढंच सांगितलं की आजपासून हजेरी मी मान वर करून घेणार. कुणी 'हजर' म्हणा, कुणी 'आहे' म्हणा, कुणी नुसता हात वर करा, मी तुमच्याकडे बघेन आणि टिंब देईन. घाई करायची नाही.

तो वर्गात होता. घंटेआधी.

१७ म्हटलं. त्यानं हात वर केला. मी पाहिलं, त्यानं पाहिलं, टिंब दिलं. १८. मागच्या बाकावरच्या दोघांनी ओठ आवळून एकमेकांकडे पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं. पूर्वी असं काही झालं की मी तिथल्या तिथं आदर, शिस्त, संस्कार यांवर दहा मिनिटं घेतली असती. आज घेतली नाहीत. तास संपल्यावर त्या दोघांना थांबवून शांतपणे विचारलं की ४ तारखेला तुम्ही का हसलात? त्यातला एक म्हणाला, "बाई, तुम्ही बोललात म्हणून."

तो मला टोमणा मारत नव्हता. खरं तेच सांगत होता. कुणावर हसायचं याची परवानगी मुलं शिक्षकाच्या आवाजातून घेतात. मी त्यांना म्हटलं, माझं चुकलं होतं, आता माझं बघून हसू नका. त्यांनी माना हलवल्या. किती पटलं ते कळेल पुढे.

प्रत्येकी तीन सेकंद धरले तर ४६ मुलांचे १३८ सेकंद, म्हणजे सव्वादोन मिनिटांहून थोडे जास्त. आधी मी हे काम एका मिनिटात उरकत असे. सव्वा मिनिट वाचवत होते, एवढाच हिशोब. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचा अभ्यास करून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. बी.एड.ला हे पाठ करून मी परीक्षेत लिहिलं होतं. आज प्रमेय सिद्ध करताना मुद्दाम थांबून पाहिलं. तीन सेकंद फार मोठे असतात. दुसऱ्या सेकंदालाच वाटायला लागतं की वर्ग हातातून सुटला.

दुपारी मोठ्या बाईंकडे गेले. १४ उशिरांचं काय करायचं? त्या म्हणाल्या, हजेरीपटात खाडाखोड करता येत नाही, एकदा लिहिलं ते लिहिलं. मी सोबत एक कागद नेला होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २० नोव्हेंबर १९८९ला स्वीकारलेल्या बालहक्क करारातलं २८वं कलम. मुलांनी नियमित शाळेत यावं म्हणून उपाय करा, हे त्यात आहे. आणि शाळेतली शिस्त मुलाच्या माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेला धरून असावी, हेही त्याच कलमात आहे. मी म्हटलं, बाई, आपण या दोन गोष्टी दोन वेगळ्या रजिस्टरांत ठेवल्यात.

त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. त्यांचीही अडचण खरी आहे. एका मुलासाठी खाडाखोड केली तर उद्या दहा पालक दारात उभे राहतील. शेवटी म्हणाल्या, उशीर राहू देत, पण शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहा, 'वर्गशिक्षिकेच्या वागणुकीमुळे' असं लिहायची तयारी असेल तर त्या चार गैरहजेऱ्या मी धरणार नाही.

लिहिलं. त्यांनी खाली सही केली.

शुक्रवार, ४. रात्री

आज तो पुन्हा उशिरा आला. माझ्या पोटात गोळा आला. नंतर कळलं, सायकलची साखळी पडली होती, हातांना काळं लागलेलं. साधा उशीर. मी 'उ' लिहिला आणि त्यालाही तसं सांगितलं. तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला.

शेजारच्याची शेरावही मागून घेतली. त्यानं ती बिचकतच दिली, पुन्हा काय चुकलं असं त्याला वाटलं असणार. ४ तारखेच्या शेऱ्याखाली वडिलांची सही आहे. आणि सहीच्या वर, बारीक अक्षरात: 'घरी समज दिली आहे.' काय समज दिली असेल? मी त्याला विचारलं, वडील रागावले का? तो म्हणाला, थोडे. मी विचारलं, मग तू त्यांना खरं का नाही सांगितलंस? म्हणाला, त्याचं त्यानं सांगायचं होतं ना बाई, मी कसं सांगणार?

वही आता समोर आहे. कच्च्या कागदावर तीनदा लिहून फाडलं. पहिल्यात माझी बाजू फार आली, दुसऱ्यात उपदेश. तिसऱ्यात खिडकीकडच्याचा उल्लेख आला, आणि ते त्याला नको आहे. चौथ्यांदा सरळ वहीतच लिहिलं:

'वरील शेरा चुकीचा आहे. ज्या विद्यार्थ्याची हजेरी दिली तो त्या वेळी वर्गात हजर होता. आपल्या मुलानं खरं तेच सांगितलं होतं. त्याला दिलेली समज कृपया मागे घ्यावी.'

तारीख घातली, सही केली. खाली पालकांच्या सहीसाठी रेघ मारली.