किती टाकू, अण्णा?

जैन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सराफाची पेढी येते. आमच्या शिरोळ तालुक्यात येऊन बघा. इथं जैन म्हणजे ऊस, म्हशी, सेवा सोसायटीचं कर्ज आणि २००५, २०१९, २०२१ ला गावागावांत शिरलेलं कृष्णा-पंचगंगेचं पाणी. एकाच बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला उभे राहणारे काही बागायतदार असतात, काही त्यांच्याच रानात भांगलायला जाणारे. माझी वाटणीची दोन एकर आहे, तीही भावांबरोबर सामाईक सातबाऱ्यावर.

२०२२ ला थोरल्याला पुण्याच्या एका अनुदानित कॉलेजात इंजिनिअरिंगला जागा मिळाली. शिष्यवृत्तीच्या खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म बघितला आणि विचारलं, "अल्पसंख्याक ना? मग एनएसपी भरा." एनएसपी म्हणजे केंद्राचं राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल. त्यावर आमच्यासाठी 'मेरिट कम मीन्स' नावाची योजना होती. मुसलमानांच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल २००६ ला आला, त्यानंतर या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. जैन त्यात उशिरा आले, केंद्रानं अल्पसंख्याक दर्जा दिला त्या २७ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेनं. मागच्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असलं की फीचे २० हजारांपर्यंत आणि होस्टेलवर असेल तर महिन्याला एक हजार, असे दहा महिने. राज्याराज्यात प्रत्येक समाजाला लोकसंख्येच्या प्रमाणात कोटा, त्यात ३० टक्के मुलींना राखीव. कागदावर योजना चांगलीच होती. तिला मी नावं ठेवणार नाही.

अडलं ते अडीच लाखांपाशी. ऊसवाल्याचं उत्पन्न लपत नाही. टनेज कारखान्याच्या काट्यावर मोजलेलं, बिल बँकेत जमा. दोन एकरांत नव्वदभर टन ऊस गेला आणि टनाला तीन हजाराच्या आसपास धरले तर रक्कम सरळ अडीच लाखांच्या पुढं जाते. त्यातून सोसायटी आपलं कर्ज आधीच कापून घेते, मग खत, लागण, भांगलण, पाणीपट्टी. हातात राहतं ते बरंच कमी, पण छापील कागदावर दिसतं ते ढोबळ बिल. तलाठ्यांना मी खर्चाची सगळी बिलं दाखवली. त्यांनी शांतपणे बघितली, पण लिहून देताना हात आखडता घेतला.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रावर गेलो. रेशन कार्ड २०१९ च्या पुरात भिजलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. केंद्रातल्या पोरानं ती पट्टीनं अलगद सोडवली, स्कॅनरवर ठेवली आणि स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "किती टाकू, अण्णा?"

मी म्हटलं, "काय किती?"

"उत्पन्न. एक लाख टाकू का नव्वद हजार?"

त्यात त्याचा काही डाव नव्हता. रोज शेकडो दाखले काढणाऱ्याचा तो सवयीचा प्रश्न होता. कुणाला रेशनसाठी हवा असतो, कुणाला फीसाठी, आणि योजनेची मर्यादा बघून आकडा ठरतो. पगारदाराचं एक असतं, त्याच्या हातात फॉर्म १६ असतो. आमच्या हातात कारखान्याचं बिल. ज्याचा धंदा रोखीचा, त्याच्या उत्पन्नाला मात्र त्याच्या तोंडापलीकडे पुरावा नसतो. आमच्याच समाजातल्या एका दुकानदाराच्या मुलाचा दाखला मी बघितला आहे. आकडा माझ्या दाखल्यातल्या आकड्याच्या निम्मादेखील नव्हता, आणि दारात चारचाकी उभी. दोघं एकाच समाजाच्या कोट्यात. 'अल्पसंख्याकांचे लाड' वगैरे जे बोललं जातं, त्यापेक्षा मला हा अन्याय मोठा वाटतो. तो हिंदू-मुसलमान-जैन असा चालतच नाही, ज्याचं उत्पन्न दिसतं तो आणि ज्याचं दिसत नाही तो, असा चालतो. मी खर्च वजा जाता खरा आकडा टाकायला सांगितला. तो दोन लाखांच्या थोडा वर होता. त्यासाठी तलाठ्यांकडे पुन्हा जावं लागलं, मग तहसीलदारांच्या सहीचा दाखला निघाला.

एवढं होऊन अर्ज कॉलेजातूनच परत आला. शेरा होता, 'धर्माची नोंद जुळत नाही'. मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू-जैन' लिहिलेलं. माझ्या दाखल्यावरही तेच आहे, माझ्या वडिलांच्याही. आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या मास्तरांनी रजिस्टरात असंच लिहिलं, तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. शाळा सोडल्यावर अशी नोंद बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तोवर पोर्टल मिटलं असतं. मुलानंच मार्ग काढला. योजनेच्या मार्गदर्शक सूचना छापून घेतल्या. समाजाबद्दल विद्यार्थ्याचं स्वतःचं घोषणापत्र चालतं, ती ओळ पेनानं अधोरेखित केली, जोडीला शाळेच्या जनरल रजिस्टरातल्या जातीच्या रकान्याचा उतारा लावला, तिथं 'जैन चतुर्थ' ही आमची पोटजात लिहिलेली होती. बाईंनी तो कागद दोनदा वाचला, साहेबांना दाखवून आल्या आणि अर्ज पुढं सोडला. नियम त्यांनाही त्या दिवशीच कळला असावा.

याच दिवसांत शेजारचे मराठा समाजातले मित्र बांधावर म्हणाले, "तुमचं बरं हाय, तुम्हाला सरकार देतंय." त्यांचा मुलगाही इंजिनिअरिंगला, खासगी कॉलेजात. त्याला राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेतून निम्मी फी मिळत होती, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, कोट्याची भानगड नाही. त्याची निम्मी फी माझ्या मुलाच्या सगळ्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त भरत होती. मी आकडे सांगितले तर त्यांना पटेना. त्यांच्या जागी असतो तर मलाही पटलं नसतं. दुसऱ्याच्या ताटातलं मोठं दिसतं.

मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली. केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयानं अल्पसंख्याक शिष्यवृत्ती घेणाऱ्या १,५७२ संस्था तपासल्या, त्यांतल्या ८३० बोगस किंवा बंद निघाल्या. १४४ कोटींहून जास्त रक्कम गेली, प्रकरण सीबीआयकडं. या संस्थांचे कागद बघा किती चोख असतील! नसलेल्या शाळेचा, नसलेला मुलगा, त्याचं खातं, त्याचा दाखला, सगळं जुळत होतं. आमचा हाडामांसाचा मुलगा मात्र एका आडव्या रेघेपायी अडकला होता.

त्या घोटाळ्याचा फटका पुन्हा आम्हालाच. अर्ज केलेल्या मुलांनी समक्ष येऊन बोटाचा ठसा द्यायचा, असं आलं. मुलगा पुण्याहून एसटीनं आला, आम्ही इचलकरंजीतल्या एका केंद्रावर गेलो. रांगेत आमच्या पुढं बी. फार्मला असलेली एक मोमीन, म्हणजे विणकर मुसलमान समाजातली, मुलगी होती, बरोबर तिची आई. मुलीचा ठसा उमटेना. अंगठा झाला, तर्जनी झाली, दुसरा हात झाला. मशीनवर लाल दिवा. केंद्रचालकानं बोटं खोबरेल लावून पुसायला सांगितली, तरी तेच. तिची आई म्हणाली, "सुट्टीत माझ्याबरोबर मागाच्या कांड्या भरती ना, सुतानं बोटं घासल्यात." आपली बोटंही तिनं पालथी-उताणी करून दाखवली, अगदी गुळगुळीत. केंद्रचालक भला माणूस. "चार दिवस कांडीला हात लावू नको आणि परत ये," म्हणाला. म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडवायची.

बोलता बोलता कळलं, तिच्या धाकट्या भावाला चौथीत वर्षाला हजार रुपये मिळायचे, ते २०२२ च्या नोव्हेंबरपासून बंद. पहिली ते आठवीचं शिक्षण हक्क कायद्यानं मोफतच आहे, तेव्हा मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आता नववी-दहावीलाच, असं सरकारनं ठरवलं. त्या बाई म्हणाल्या, "फी नव्हतीच कधी. त्या हजारात दप्तर अन् बूट निघायचे."

आमचे पैसे आले, पण दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा होऊन गेल्यावर. तोवर होस्टेलचे पैसे मी म्हैस विकून भरले होते. नूतनीकरण मात्र झालंच नाही, पोर्टलवर आमच्या योजनेचा अर्ज उघडलाच नाही. तेव्हा राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर शाहू महाराज योजनेत अर्ज केला, शेजाऱ्यांच्या मुलाबरोबरच. धर्माचा प्रश्न नाही, मर्यादा आठ लाख, त्यामुळे कारखान्याचं बिल जसंच्या तसं दाखवता आलं. शिवाय अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख योजनेतून वसतिगृहाचा भत्ता असतो, तोही तिथंच समजला. पहिल्या वर्षी खिडकीवर 'अल्पसंख्याक ना?' याऐवजी 'जमीन किती?' असं विचारलं असतं तर म्हैस दावणीला राहिली असती.

त्या मुलीची आई परवा बाजारात भेटली. चार दिवसांनी ठसा उमटला होता. २०२४ च्या जुलैत राज्यानं ओबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ केली, आणि मोमीन ओबीसीत मोडतात. पण त्यासाठी जातीचा दाखला हवा आणि दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा. मुलीचे आजोबा शाळेची पायरी कधी चढले नाहीत. नगरपालिकेच्या जुन्या जन्मनोंदीत काही सापडतंय का, ते बघायला त्यांनी अर्ज दिला आहे.