पिंजऱ्यात फुटलेला टायर

टायरवर रबर चढवणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चेंबर आणि तापलेलं रबर येतं. खरं काम त्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं. जुनं केसिंग, म्हणजे वरचं रबर झिजलेल्या टायरचा सांगाडा, पास की फेल, हे ठरवणं माझ्याकडे. बफिंग, सोल्युशन, नवी पट्टी, चेंबर हे पोरं करतात आणि चांगलं करतात. बेळगावच्या ऑटोनगरात सगळी दुकानं केसिंग एवढं बघतात असं मात्र मी म्हणणार नाही.

त्या दिवशी जांबोटीकडचे एक गाडीमालक चार रेडियल घेऊन आले. चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेणारी गाडी. चारांत जो सगळ्यात देखणा, कट नाही, चीर नाही, तोच मला खटकला. हजार-वीस मापाचा, आत स्टीलच्या तारा असलेला रेडियल टायर तपासताना दिवा समोरून धरून उपयोग नसतो. गालाला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, घासून आडवा मारायचा, म्हणजे फुगवटा असेल तर त्याची सावली पडते. मग हातमोजा काढून आतल्या अस्तरावरून तळहात फिरवायचा. वीतभर जागेत बारीक सुरकुत्या लागल्या, रबर तेवढ्यात निळसर पडलेलं, बाहेरून दाबलं तर गाल तिथेच मऊ. गाडी कमी हवेवर बरीच पळाली होती. अशा वेळी गालातल्या स्टीलच्या तारा वाकून वाकून मोडायला येतात. एक तुटली की तिचा भार शेजारच्या तारेवर, मग तिच्या शेजारच्या, आणि बॅगेची चेन उघडावी तसा गाल सरळ उसवत जातो. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

"फेल," म्हटलं.

"काय शोधुलाय हो आत एवढं? झिजून गोटा पण झाला नाही अजून!" मालक चिडले. "ऱ्हाऊ दे. समोर हवा मारतो आणि स्टेपनीला टाकतो."

समोर म्हणजे पंक्चरचं दुकान. तिथला पोरगा टायर जमिनीवर आडवा टाकतो, रिंगवर पाय ठेवतो आणि वाकून हवा मारतो. त्याला कितीदा सांगितलंय. मालकांना म्हटलं, भरायचाच असेल तर माझ्या पिंजऱ्यात भरू, तुमच्या डोळ्यांदेखत.

पिंजरा म्हणजे टायर फुटलाच तर अडवणारी जाड पाइपांची चौकट, एवढंच. बाकी सगळी शिस्त. नोजल क्लिपचं हवं, हाताने धरायचं नाही. पाइप लांब, गेज आपल्याजवळ, आणि उभं राहायचं ते गालाच्या समोर कधीच नाही. आधी 20 पीएसआयला थांबून गाल बघायचा, कान द्यायचा. ही रीत माझ्या डोक्यातली नाही. अमेरिकेतल्या टायर उत्पादकांच्या संघटनेचं या गाल फुटण्यावरच एक पत्रक आहे, ते आमच्या भिंतीवर चिकटवलंय. ठरलेल्या हवेच्या 80 टक्क्यांपेक्षा कमी हवेवर पळालेला टायर संशयित धरायचा, हा नियम त्यातलाच. गिऱ्हाइकासाठी एकमेकांचा गळा धरणाऱ्या कंपन्यांनी मिळून काढलेला कागद आहे तो, आणि कागद सोन्यासारखा आहे.

20 ला काही नाही. मालक माझ्याकडे बघून हसले. 70 च्या पुढे आतून कट्‌, कट्‌ असा आवाज आला. हवा सोडायला कॉक फिरवला, तेवढ्यात फुटला. शेडचे पत्रे हादरले, धुळीने काही दिसेना, कान बधिर. धूळ बसल्यावर बघितलं तर पिंजऱ्याचा एक पाइप बाहेरच्या अंगाला वाकलेला आणि गालातून तारांची टोकं ब्रशसारखी बाहेर. मालक खाली बसले ते पाणी दिलं तरी उठेनात.

एका कंपनीचा सर्व्हिस इंजिनियर तेव्हा दुकानातच होता, दुसऱ्याच क्लेमसाठी. फुटलेला टायर त्याच्या कंपनीचा नव्हता. ज्यांचा होता त्यांच्या माणसाला त्यानेच फोन लावला, तोही हुबळीहून येताना जवळच पोचला होता. एरवी माझ्याच टेबलावर चहा पिऊन एकमेकांच्या मालाला नावं ठेवणारे हे दोघं. आज एक टेप धरतोय, दुसरा फोटो काढतोय. पंधरा मिनिटांत एकमताने निकाल: कमी हवा, क्लेम बसत नाही.

निकाल बरोबर आहे. मी तर आधीच तो दिला होता. पण चूक गिऱ्हाइकाची निघते तेव्हा यांचं किती पटकन जुळतं, हे डोक्यातून जात नाही.

चहा घेताना दोघेही अभिमानाने सांगत होते. 2005 पासून जगातल्या बड्या कंपन्या टायर इंडस्ट्री प्रोजेक्ट नावाखाली, रस्त्यावर झिजून उडणाऱ्या टायरच्या कणांचा एकत्र अभ्यास करतात. गालाला तडे जाऊ नयेत म्हणून घातलेल्या 6पीपीडी या रसायनापासून ओझोनमुळे तयार होणाऱ्या पदार्थाने अमेरिकेत कोहो सॅमन मासे मरतात, हे 2020 मध्ये उघड झालं. त्याला पर्यायही आता मिळूनच शोधतायत. जुन्या टायरच्या गालावर जी तपकिरी झाक येते ना, ती याच रसायनाची. माझे हात रोज त्यात असतात. मासे वाचावेत, पण गाल तडकायला लागले तर माझ्याकडे रबर चढवण्याजोगं केसिंगच येणार नाही, म्हणून पर्याय काय निघतो यावर माझा डोळा आहे.

म्हटलं, साहेब, माशांसाठी एकत्र बसता, चांगलंच आहे. समोरच्या पंक्चरवाल्याला दोघांत मिळून एक पिंजरा द्या की. उद्यमबागेतला कोणीही फॅब्रिकेटर करून देईल, पाइप आणि वेल्डिंगचंच काम. दोघांनी मोबाइल काढले. "मेल करा," एक म्हणाला. दुसऱ्याने मान हलवली.

दोघांनाही केला, वाकलेल्या पाइपाचा फोटो जोडून. एकाचं उत्तर आलंय: त्या दुकानाचा जीएसटी नंबर कळवा. दुकान म्हणजे एक कंप्रेसर आणि वर ताडपत्री.