तीन पानं, तीन तारखा

भूर्जपत्राची पोथी लोक कशातही बांधून आणतात. या गृहस्थांनी निदान चपट्या लाकडी पेटीतून आणली होती. काश्मीरकडची, शारदा लिपीतली, एका खासगी संग्रहातली. मागणी एकच : कार्बन डेटिंगसाठी नमुना काढून द्या.

भूर्ज म्हणजे झाडाची साल, एकावर एक चिकटलेले पापुद्रे. वाळलं की ते सुटतात आणि वरचा निघाला की अक्षरही त्याच्याबरोबर जातं. म्हणून पान चिमटीत धरून उलटायचं नाही. खालून जाड कागद हळूहळू सरकवायचा, वर दुसरा ठेवायचा, मग दोन्ही एकदम पालथे करायचे. गृहस्थ घड्याळ बघत होते. या कामात वेळ लागतो हे संग्राहकांना पटवणं भूर्ज हाताळण्यापेक्षा अवघड.

समासातल्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलंच. "हे गोल शून्य, शेजारचं टिंबही शून्य. बख्शालीसारखं!"

शारदेत एकाचा आकडा गोलसर असतो आणि शून्य म्हणजे टिंब. ते दहावं पान होतं, एवढंच.

बख्शालीचं भूत २०१७च्या बातम्यांनी सोडलंय. पेशावरकडच्या बख्शाली गावात १८८१ साली जमिनीतून निघालेली ही गणिताची पोथी, शून्यासाठी टिंब वापरणारी. तिची सत्तरेक पानं ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. तिथल्या तीन पानांचे कार्बन निकाल त्या वर्षी जाहीर झाले : इ.स. २२४–३८३, ६८०–७७९ आणि ८८५–९९३. बातम्यांनी पहिला तेवढा उचलला आणि शून्य तिसऱ्या-चौथ्या शतकात नेऊन ठेवलं. गणिताच्या इतिहासकारांनी लगेच हरकत घेतली, ती कोण वाचतो? कार्बन सांगतो झाडाची ती साल कधी वाढली. तिच्यावर लेखणी कधी टेकली ते नाही. सलग लिहिलेली पोथी तिच्या सगळ्यांत नव्या पानापेक्षा जुनी असूच शकत नाही. लिपीवरूनही बख्शाली आठव्या ते बाराव्या शतकातली मानली गेलीय.

हे सगळं सांगून मी म्हटलं, "काढायचाच तर तीन पानांचा काढू, कोऱ्या समासातून."

"आणि तीन तारखा वेगळ्या आल्या तर?"

"सगळ्यांत अलीकडची धरायची."

ते जरा थांबले. "मग एकाच पानाचा काढा. हे जुनं दिसतंय ते."

मी नाही म्हटलं. पेटी घेऊन गेले. नमुना ते कुणाकडून तरी काढून घेणारच, आणि तो माणूस समास सोडून अक्षरावर कात्री चालवणार नाही याची खात्री मला वाटत नाही.