गाडी ह्यांच्या नावावर, स्टिअरिंगवर मी

आमची वॅगन-आर नोव्हेंबर 2018 ची. तेव्हा हेच चालवायचे, म्हणून गाडी ह्यांच्या नावावर घेतली. पुढे ह्यांना काचबिंदू निघाला, बाजूचं दिसेनासं झालं आणि 2022 मध्ये लायसन्सची मुदत संपल्यावर त्यांनी ते नवीन केलंच नाही. तेव्हापासून गाडी मी चालवते. मिरजेचा दवाखाना, विश्रामबागेत बहिणीकडे, बाजार, सगळं. आता मी 67 वर्षांची आहे.

2024 च्या नोव्हेंबरात विम्याच्या नूतनीकरणाचा कागद आला. आदल्या वर्षी 6,300 भरले होते, आता आकडा साडेआठ हजार. एजंटला फोन केला. तो माझ्याच शाळेतल्या एका सहकारी बाईंचा मुलगा. म्हणाला, "बाई, आता तुमचं वय झालं, प्रीमियम वाढणारच." मला ते लागलं. गणित शिकवण्यात माझी 31 वर्षं गेली. म्हटलं, कोणत्या ओळीत वाढलाय ते दाखव. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून कागद घेऊन मी स्वतःच बसले.

थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या भागाचा, दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर असतो, चालवणाऱ्याच्या वयावर नाही. 1,000 सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला जून 2022 पासून 2,094 रुपये. आमच्या कागदावर तेवढेच होते. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग, उलट कमी झाला होता. वाढ सगळी खाली जोडलेल्या गोष्टींची होती. झीरो डेप (म्हणजे क्लेममध्ये जुनेपणाचा घसारा न कापणारं कव्हर), किल्ली हरवल्याचं कव्हर, नट-बोल्ट-ऑइलचं कव्हर. यातलं काहीही मी मागितलं नव्हतं. वयाचं नाव पुढे करून हे खपवलं जात होतं, याचा मला मनापासून राग आला.

ओन डॅमेज कमी का झालं, तेही पाहिलं. आयडीव्ही, म्हणजे गाडीची धरलेली किंमत, 1,90,000 वर आणून ठेवली होती. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा तक्ता ठरलेला असतो. त्यानंतर ही किंमत कंपनी आणि आपण मिळून ठरवायची असते. म्हणजे बोलता येतं, फक्त कुणी आपल्याला विचारत नाही. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी ह्यांनी गाडी विश्रामबागेत नेऊन लावली म्हणून वाचली. शेजाऱ्यांची टपापर्यंत बुडाली. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण निकामी धरते आणि ठरलेल्या आयडीव्हीवरच हिशोब करते. शेजाऱ्यांची आयडीव्ही कमी ठेवलेली होती. आलेल्या पैशांत तशी जुनी गाडीसुद्धा त्यांना मिळाली नाही. मी वाद घालून आमची 2,60,000 करून घेतली. ओन डॅमेज थोडं वाढलं, वाढू दे.

मात्र खरा धक्का पुढच्या ओळीत होता. 'मालक-चालक वैयक्तिक अपघात, 15 लाख'. मला वाटत होतं, हे माझ्यासाठी आहे. पॉलिसीची बारीक छपाई भिंगातून वाचली. हे कव्हर फक्त गाडीच्या मालकाला, तेही त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच. मालक हे, ह्यांच्याकडे लायसन्स नाही. चालवणारी मी, मी मालक नाही. म्हणजे दोन वर्षं आम्ही ज्या कव्हरचे पैसे भरत होतो, ते दोघांपैकी कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. मालकाकडे लायसन्स नसेल तर हे पैसे घ्यायचेच नसतात, असा नियम आहे. एजंटने दरवर्षी आमच्याकडून फॉर्मवर सही घेतली, पण लायसन्सचं एकदाही विचारलं नाही.

मुलगा म्हणाला, "आई, गाडी तुझ्या नावावर करून टाक." सरळ वाटतं, पण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजवर मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ह्यांचा बोनस 50 टक्के, म्हणजे सर्वात वरच्या पायरीवर. हयातीत नावबदल केला की माझी सुरुवात शून्यापासून. म्हणून नाव तसंच ठेवलं. माझ्याकडे वैध लायसन्स आहे आणि ह्यांच्या परवानगीने चालवते, त्यामुळे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही लागू राहतात.

मग अपघाताचं कव्हर काढून टाकायला लेखी द्यावं लागलं. कागद मी लिहिला, 'माझ्याकडे वैध वाहनचालक परवाना नाही'. ह्यांनी तो डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला आणि सही केली. मला 52 व्या वर्षी क्लच सोडायला ह्यांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

माझ्यासाठी त्याच पॉलिसीत नाव घालून दोन लाखांचं कव्हर घेतलं, शंभरेक रुपयांत. शिवाय वेगळी अपघात पॉलिसी शोधली. वय आडवं आलं ते फक्त इथे. दोन ठिकाणी नकार, तिसऱ्या ठिकाणी मिळाली. पुण्याला जाताना आम्ही ड्रायव्हर बोलावतो, त्याला अपघात झाला तर आपल्यावर येणाऱ्या जबाबदारीच्या कव्हरचे 50 रुपये आवर्जून भरले. परक्याचा मुलगा आपल्यासाठी गाडी चालवतो, ते पन्नास रुपये वाचवण्यात अर्थ नाही. रस्त्यावरच्या मदतीचं कव्हर ठेवलं, कारण सांगली-पेठ रस्त्यावर रात्री पंक्चर झालं तर आम्हा दोघांना चाक बदलणं जमणार नाही. झीरो डेप काढून टाकलं.

ते काढताना मार्चमधला बंपर आठवत होता. वाड्याच्या दगडी चौकटीला घासला, बिल 6,200. प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा, त्यावर हजाराची सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये आपणच सोसायची रक्कम), म्हणजे क्लेममधून तीन हजारांच्या आतच मिळाले असते. आणि बोनस शून्यावर येऊन पुढची पाच वर्षं 0, 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या पुन्हा चढायच्या. बोनस वजा करण्याआधीचं ओन डॅमेज साडेचार हजार धरलं तर नुकसान साडेपाच हजारांच्या वर. बिल खिशातून भरलं. लहान क्लेम करायचाच नाही असं ठरलंय, म्हणून अडीच हजारांची ऐच्छिक वजावटही घेतली. सगळं मिळून प्रीमियम सव्वापाच हजारांच्या आत बसला.

आता लक्ष माझ्या लायसन्सवर. पंचावन्ननंतर ते पाचच वर्षांचं मिळतं आणि सोबत डॉक्टरांच्या सहीचा नमुना 1-अ, म्हणजे वैद्यकीय दाखला, लागतो. माझं ऑगस्ट 2026 मध्ये संपतंय. मुदतीच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा राहिलाय, तो दिवाळीच्या आत उरकायचा आणि मग लगेच नमुना भरायचा. तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ह्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे, स्वतःला दिसेल एवढ्या मोठ्या.